झोपेची पावडर, दोन मिली पाण्यात

२६ जानेवारी, गुरुवार. सकाळ.

नऊ दिवसांची प्रार्थना काल संपली. पाहुणे गेले. आता घरात मी आणि मानांग उर्सिंग. उर्सिंग कोन्सीची, माझ्या गेलेल्या बायकोची, थोरली बहीण, म्हणून मानांग. चाळिसावा दिवस होईपर्यंत राहणार म्हणते. मी बोलावलेलं नाही. भात तरी लावता येतो का तुला, असं तिने विचारलं. येतो.

आजपासून रोजनिशी. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो तोवर रोज नोंदी करायचो. रसाचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, मळीचा ब्रिक्स, कोण रजेवर. निवृत्तीनंतर सवय सुटली. नोंदी ठेवल्या की डोकं ताळ्यावर राहतं.

पहिली नोंद. काल जेवताना सगळे कोन्सीच्या भेटींबद्दल बोलत होते. उर्सिंगच्या स्वप्नात ती दोनदा आली. केस धुतलेले होते म्हणे. शेजारणीला जिन्यात तिच्या मालिशच्या तेलाचा वास आला. मासळीवाली बेबांग मला दादा या अर्थी मानोंग म्हणते, ती तर म्हणाली, "मानोंग, माझ्या स्वप्नात येऊन बांगड्याचा भाव पाडून मागितला हो! मेल्यावर पण घासाघीस! म्हटलं, ने बाई, फुकट ने." सगळे हसले. मग रडले. मग माझ्याकडे पाहू लागले. मी आणखी पान्सितच्या शेवया वाढून घेतल्या.

माझ्याकडे आलेली नाही. कारण साधं आहे. स्वप्न पडायला झोप लागावी लागते, आणि मला झोप लागत नाही. अडचण तांत्रिक आहे.

उर्सिंगच्या मते मेलेलं माणूस चाळीस दिवस इथेच फिरतं. ज्यांना भेटायचं त्यांना भेटतं. चाळिसाव्याचं जेवण झालं, दारात निरोपाची प्रार्थना झाली, की जातं ते जातंच. चाळिसावा पंचवीस फेब्रुवारीला आहे. मी असलं काही मानत नाही. तारीख फक्त लिहून ठेवली.


२८ जानेवारी, शनिवार.

रात्रभर टक्क जागा. समोरच्याच्या झुंजीच्या कोंबड्यांना वेळकाळ नाही. उर्सिंगला सांगितलं की डोळ्याला डोळा लागला नाही. ती म्हणाली, कोण म्हणतं, घोरत होतास की. मी घोरत नाही.

फेसबुकवर एक ग्रुप सापडला. झोप न येणारी माणसं. त्यात एका पावडरीची खूप चर्चा आहे. गाढ झोपेची पावडर. बाटलीत पाणी घालून विरघळवायची आणि इन्सुलिनच्या सिरिंजने पोटावर टोचून घ्यायची. लेबलवर लिहिलेलं असतं की संशोधनासाठी आहे, माणसांच्या वापरासाठी नाही. ठीक आहे. मी संशोधनच करणार आहे.

तीन बाटल्या मागवल्या. किंमत लिहीत नाही.

मुख्य उद्देश गुडघा. झोप सुधारली की सांधेही सुधारतात, असं एकाने लिहिलं आहे. झोपेत दुसरं काही झालं तर तो वेगळा भाग.


२ फेब्रुवारी, गुरुवार. दुपार.

पार्सल आलं. बोटाएवढ्या बाटल्या. तळाशी पांढरी चकती, चर्चच्या मिस्सेत जिभेवर ठेवतात त्या भाकरीसारखी. तिरकी केली तरी हलत नाही.

ग्रुपवर लोक मापासाठी एकमेकांना विनवण्या करतात. किती पाणी, किती रेघा, कुणीतरी सांगा हो. कीव आली. शाळेतलं त्रैराशिक आहे. पावडर पाच मिलिग्रॅम, पाणी दोन मिली. म्हणजे एका मिलीत अडीच मिलिग्रॅम. सिरिंज एक मिलीची, तिच्यावर पन्नास रेघा. म्हणून एका रेघेत पन्नास मायक्रोग्रॅम. मला हवेत शंभर. दोन रेघा. झालं. कागदसुद्धा लागला नाही.

सिरिंज विकत घ्याव्या लागणार नाहीत. कोन्सीच्या इन्सुलिनच्या ढीगभर उरल्या आहेत. फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या वर. कधीतरी फेकायच्याच होत्या, कामी आल्या.

उर्सिंगने विचारलं हे काय. गुडघ्याचं औषध, म्हणालो. मग फ्रिजमध्ये माझ्या भातापाशी ठेवू नकोस, म्हणाली.


३ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ.

आज पहिली बाटली तयार केली. टेबल स्पिरिटने पुसलं. खाली कोरा कागद. प्रयोगशाळेची शिस्त.

सूचनेत लिहिलं होतं की पाणी काचेवरून हळू सोडा आणि बाटली हलवू नका. असल्या सूचना नवख्यांसाठी असतात. मी सरळ पाणी सोडलं आणि रसाचा फ्लास्क हलवतात तसं हलवलं. फेस आला. पुष्कळ आला. फेस हे शुद्धतेचं लक्षण असावं. उसाच्या रसात तसं नसतं, पण हा ऊस नाही.

फेस बसायची वाट पाहत असताना खिडकीतून एक मोठा तपकिरी पतंग आला. दिव्याला न जाता सरळ येऊन बाटलीच्या रबरी बुचावर बसला. बाटलीचं तोंड निर्जंतुक असायला हवं. मी टॉवेलने त्याला हाकलला. तो परत आला. माझ्या मनगटावर बसला. परत हाकलला आणि खिडकी लावली.

वळून पाहिलं तर दारात उर्सिंग. तोंडावर हात. अशा दिवसांत घरात आलेल्या पतंगाला आमच्याकडे कुणी हात लावत नाही, हे मला माहीत आहे. पण बुचावर जंतू बसतात हेही मला माहीत आहे. तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे दोनदा आली ती नुसती उभी राहून गेली. तुझ्या तर हातावर येऊन बसली. आणि तू टॉवेल मारलास."  कोन्सीसाठी रोज वेगळं पान वाढते, त्यावर आज माझ्या वाटणीचा मासाही ठेवला.

खिडकी उघडी ठेवतो आहे. हवा खेळती राहावी म्हणून.


४ फेब्रुवारी, शनिवार.

डास फार चावले. दुसरं काही आलं नाही.


५ फेब्रुवारी, रविवार.

पहिलं इंजेक्शन काल झालं. दोन रेघा ओढायच्या होत्या, पण हात आपोआप अठरापर्यंत गेला. कोन्सीचं माप अठरा. सोळा वर्षांची सवय, बोटांना दुसरा आकडा माहीत नाही. परत दाबून दोनवर आणलं.

मग स्वतःला टोचता येईना. हे अनपेक्षित. तिला रोज सकाळी टोचायचो, एकदाही हात हलला नाही. सुई जाताना ती माशांचे भाव सांगायची. बोलत राहिलं की दुखत नाही म्हणायची. मीही तसं करून पाहिलं, पण मला भाव माहीत नाहीत. शेवटी ब्रिक्सचं कोष्टक म्हणत म्हणत टोचलं.

परिणाम शून्य. रात्रभर जागा. पहिल्या दिवशी निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे.


८ फेब्रुवारी, बुधवार.

सहज म्हणून बाजारात गेलो. बेबांगने लांबूनच हाक मारली. कोन्सी परवा पुन्हा आली होती. पिवळा झगा, हातात ती वेताची टोपली. मासा ताजा आहे का असं विचारत होती, आणि बेबांगने स्वप्नात शपथ घेतली म्हणे. मी विचारलं, आणखी काही बोलली का? बेबांगने सुरी थांबवून आठवून पाहिलं. "नाही हो मानोंग. घाईत होती."

बेबांगकडे यायला मात्र वेळ आहे.

बांगडे घेतले. घरी कालचेही तसेच पडले आहेत. उर्सिंग म्हणाली, मासळीबाजार लावतोस का?


११ फेब्रुवारी, शनिवार.

महत्त्वाचा शोध. सिरिंज एक मिलीची नाही, अर्ध्या मिलीची आहे. दांड्याजवळ बारीक अक्षरांत लिहिलं आहे. इतकी वर्षं मी रेघा मोजल्या, मिली कधी मोजले नाहीत. डॉक्टरने अठरा सांगितलं होतं, मी अठरा भरत होतो.

म्हणजे आत्तापर्यंतचं माप चुकत होतं. दोष सिरिंज बनवणाऱ्यांचा. अक्षरं कुणालाही दिसणार नाहीत अशी. सिरिंज निम्मी, म्हणून रेघाही निम्म्या. आजपासून एक रेघ.

चूक सापडली म्हणून बरं वाटलं. आज नक्की झोप लागणार.


१३ फेब्रुवारी, सोमवार.

नाही लागली. दाढी करताना लक्षात आलं की दुरुस्ती उलट्या बाजूला केली. सिरिंज निम्मी असेल तर प्रत्येक रेघेत औषधही निम्मं. रेघा दुप्पट व्हायला हव्या होत्या. चार. मी दोनाची एक केली. म्हणजे नऊ दिवस मी आधी अर्धं घेतलं आणि मग पाव.

कारखान्यात माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला सर्वांसमोर फळ्यावर उभं केलं असतं.

बारा दिवस उरले. पुरेसे आहेत. पहिली बाटली मोरीत ओतली. तिचा फेस तसाही बसला नव्हता.


१४ फेब्रुवारी, मंगळवार.

दुसरी बाटली. यावेळी पाणी काचेवरून सोडलं. हलवली नाही. चार रेघा. खिडकी उघडी.

रात्री वेळ फुकट जातो असा निष्कर्ष काढला आहे. एक तर कोंबडे, त्यात कोपऱ्यावरच्या घरात कराओके. यापुढे प्रयोग दुपारी, जेवणानंतर. उर्सिंगला सांगितलं की दुपारी हाक मारायची नाही. तिने जपमाळ ओढता ओढता मोठी जांभई दिली. दुसऱ्यांच्या झोपेबद्दल बोलणारी बाई स्वतः प्रार्थनेत पेंगते. डोळ्यांखाली काळं आलं आहे. 


१७ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ.

यश. पूर्ण यश मिळालं असतं.

दुपारी तुरीचे दाणे, फणस आणि डुकराच्या मांसाचा रस्सा होता. पोटभर जेवलो. चार रेघा घेतल्या. पडल्या पडल्या झोप लागली, अगदी विहिरीत उतरल्यासारखी. मी जुन्या प्रयोगशाळेत उभा होतो. दार अर्धं उघडं. दाराच्या कडेला एक बाही दिसली. पिवळी. कोपरापर्यंत दिसत होती, पुढचं दाराआड. मी हातातली नळी खाली ठेवत होतो, फुटू नये म्हणून जपून, आणि तेवढ्यात पायाच्या अंगठ्यात कळ आली.

उर्सिंग. माझा अंगठा तिच्या दातांत.

मी ओरडलो. ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली. जेवून झोपलेला माणूस कण्हायला लागला की झोपेतच गुदमरून मरतो, आणि अंगठा चावला की वाचतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिने चावला. मी म्हणालो, कुणी सांगितलं होतं? ती म्हणाली, "कण्हत होतास! मी काय, गंमत बघत बसू? एक बहीण पुरली, आता तुला पण पुरू? आणि डुकराचं खाऊन कुणी आडवं होतं का, इतका शिकलेला माणूस तू!"

नळी का जपत होतो कळत नाही. स्वप्नातली नळी. फुटली असती तर काय बिघडलं असतं?

असो. पावडर काम करते हे सिद्ध झालं. बाही तिचीच होती. कोपरावर इस्त्रीचा डाग होता.


१८ फेब्रुवारी, शनिवार.

दार लावून झोपलो. झोप नाही. उर्सिंग बाहेर खुर्ची टाकून बसली आहे, हे माहीत असताना कशी लागणार?


२० फेब्रुवारी, सोमवार.

दुसऱ्या बाटलीवर आता भरवसा नाही. बाही परत दिसली नाही. तिसरी बाटली शेवटची आहे, तेव्हा तिचं माप अंदाजाने नको. ती पाण्यात तयार करून कारखान्यात घेऊन गेलो. गाळप जोरात आहे. ट्रकांची रांग फाटकापर्यंत. रोडालिन आता मुख्य केमिस्ट आहे, माझ्याच हाताखाली शिकली. "सर!" म्हणून उठली. खुर्ची दिली. कोन्सीबद्दल बोलली नाही, बरं केलं.

मी सांगितलं, एक थेंब यंत्रावर बघ, किती घन पदार्थ आहे ते. तिने पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. म्हणाली, पाच मिलिग्रॅम म्हणता, सर, पण इथे तर त्याच्या कित्येक पट दिसतंय. थोडी पावडर आहे का? दुसरी बाटलीही खिशात होती, तिच्या गळ्याला एक कोरडा कण लागलेला होता. तिने तो जिभेवर टेकवला. प्रयोगशाळेत काही चाखायचं नाही, हे मीच शिकवलेलं. म्हणाली, "गोड आहे, सर."

मीही चाखलं. गोड. जिभेला गार लागणारी. उसाची नव्हे, औषधात भरीला घालतात त्यातली साखर.

आयुष्यभर साखर ओळखण्याचा पगार घेतला.

रोडालिनने हळूच विचारलं, कशासाठी घेता? गुडघ्यासाठी, म्हणालो. गुडघ्यात टोचता? नाही, पोटात. तिने न विचारता कॉफी आणली. बिनसाखरेची होती. फाटकापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली की सर, अधूनमधून येत जा, नवीन पोरांना शिकवायला. येईन म्हणालो.

परत येताना विचार केला. साखर भरीला असतेच, पावडर दिसावी म्हणून. खरा पदार्थ इतका थोडा की यंत्राला दिसत नाही. यंत्राला दिसलं नाही म्हणजे नाही, असं कोणताही केमिस्ट म्हणणार नाही. शिवाय बाही मी पाहिली आहे.


२२ फेब्रुवारी, बुधवार.

राखेचा बुधवार. चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेतली. बाहेर बेबांग भेटली, तिच्याही कपाळावर राख. मी काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं, "या आठवड्यात नाही आली हो मानोंग. मी झोपताना आठवण काढते, तरी नाही." तिच्या चेहऱ्यावरून वाटलं की ती मला दिलासा देते आहे. मला दिलाशाची गरज नाही.

उर्सिंगची शनिवारच्या जेवणाची तयारी सुरू आहे. चिकट भाताचे इबोस ती स्वतः वळणार. अंगणात तंबू लागणार. तिने मला एकच काम दिलं. शेवटची प्रार्थना झाली की दारातली मेणबत्ती नवऱ्याने फुंकायची. म्हणजे कोन्सीला वाट मोकळी होते. तेवढं नीट कर, म्हणाली.

करीन.


२४ फेब्रुवारी, शुक्रवार.

अंतिम योजना. उद्या दुपारी शेवटची संधी. पाहुणे जेवत असताना मी मागच्या खोलीत जाणार. तिसऱ्या बाटलीतलं उरलेलं सगळं एकदम. साखरच असेल तर काही होणार नाही, आणि साखर नसेल तर काम होईल. दोन्ही बाजूंनी सुरक्षित. असा प्रयोग क्वचित मिळतो. दाराला आतून कडी. प्रार्थना संध्याकाळी आहे, तोवर दोन तास मिळतात. घड्याळाचा गजर लावला. बुटासकट झोपणार, अंगठ्याचा प्रश्न नको.

भेटली तर काय बोलायचं हे ठरवलेलं नाही. आयत्या वेळी सुचेल. तिच्याशी बोलताना मला कधी सुचायची वेळ आली नाही, तीच बोलायची.

आज उशीचा अभ्रा बदलला. तिच्या बाजूचाही.


२५ फेब्रुवारी, शनिवार. सगळे गेल्यावर.

झोप लागली.

इतकी गाढ की काहीच आठवत नाही. प्रयोगशाळा नाही, दार नाही, बाही नाही. काळं, एकसारखं, तळाशी काही न उरलेलं. जाग आली तेव्हा खोलीत उर्सिंग, बेबांग आणि शेजारणीचा नवरा उभे होते. दार बिजागऱ्यांसकट काढून भिंतीला टेकवलेलं. माझे बूट काढलेले होते. दोन्ही अंगठ्यांवर दातांच्या खुणा. डावा उर्सिंगने घेतला, उजवा बेबांगने. बेबांग म्हणाली, "इतकं चावून पण उठेनात मानोंग. मला वाटलं, आता दोन मेणबत्त्या लावाव्या लागणार."

गजर वाजला होता म्हणे. तंबूपर्यंत ऐकू आला.

बाहेर अंधारलं होतं. प्रार्थना झाली होती. लोक थांबले, मग किती थांबणार. मेणबत्ती उर्सिंगने फुंकली. ती रागावली नाही. मी रागाची वाट पाहत होतो. ती नुसती माझ्यासाठी ठेवलेलं ताट घेऊन आली आणि म्हणाली, खा.

इबोस चांगले झाले होते.


२६ फेब्रुवारी, रविवार.

प्रयोगाचे निष्कर्ष. एक, पावडर प्रभावी आहे, पण स्वप्नासाठी झोप हलकी हवी, जड नको. हे आधी कुणी सांगायला हवं होतं. दोन, जेवण जास्त झालं. तीन, बूट.

चूक मापाची नव्हती. शेवटी माप बरोबर होतं.

रिकाम्या बाटल्या, सिरिंज, सगळं एका डब्यात भरून दवाखान्याच्या कचऱ्यात दिलं. तिथल्या मुलीने विचारलं, कोणी वापरत होतं? माझी बायको, म्हणालो. फ्रिजच्या दारात आता मोहरीची बाटली आहे.

शेजारणीच्या नवऱ्याने दार परत बसवलं. थोडं घासतं.


२७ फेब्रुवारी, सोमवार. दुपार.

उर्सिंग आज गेली. सकाळी गाठोडं बांधत होती. चेहरा ताजा दिसत होता. तसं म्हणालो. ती म्हणाली, दिसणारच, महिनाभराने दोन रात्री धड झोपले. मी म्हणालो, कोंबड्यांचा त्रास मलाही होतो. ती म्हणाली, "कोंबड्यांचं नाव कशाला घेतोस? तुमच्या दोघांचं चालायचं ना रात्रभर. मधली भिंत म्हणजे नुसता पत्रा."

मी विचारलं, कोणा दोघांचं?

तिने गाठ सोडली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग सांगितलं. पहिल्या रात्रीपासून मी झोपेत बोलत होतो. डोळे मिटलेले, नीट स्पष्ट बोलायचो, शेजारी कुणी असल्यासारखं. हो, गॅस बंद केला. हो, फाटक लावलं. आज डाव्या बाजूला टोचू, उजवीकडे कालचं दुखतंय ना. हलू नकोस. मग थांबायचो. ऐकायचो. मग पुन्हा. एका रात्री बराच वेळ भांडलो, कशावरून ते तिला कळलं नाही, पण शेवटी मी म्हणालो, बरं बाई, तुझंच खरं. एकदा मोठ्याने हसलो. तेव्हा ती उठून दारापर्यंत आली होती. "म्हटलं, बरं चाललंय तुमचं, कशाला मध्ये पडू. त्या दुपारी मात्र नुसता कण्हत होतास, बोलत नव्हतास. म्हणून घाबरले."

मी विचारलं, ती काय म्हणायची?

"ते मला कसं कळणार? फोनवर कुणी बोलत असलं की एकाच बाजूचं ऐकू येतं, तसं."

सांगितलं का नाहीस, म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण तिने माझ्या दंडावर हात ठेवला. तिला वाटलं मला माहीत आहे. तुझीच बायको, तुला नाही तर कोणाला माहीत असणार? स्वप्नांच्या गोष्टी निघाल्या की मी गप्प बसायचो, तिला वाटायचं, नवराबायकोचं आहे, सांगायचं नसेल.

ट्रायसिकलवाला बाहेर हॉर्न देत होता. मी तिचं गाठोडं उचललं. फाटकापाशी विचारलं की काल रात्री मी काय बोललो.

तिने आत बसून गाठोडं मांडीवर घेतलं, झगा सारखा केला. "काल काही नाही रे. परवा पण नाही. गाढ झोपला होतास."


२८ फेब्रुवारी, मंगळवार.

झोप चांगली लागली. लिहिण्यासारखं काही नाही.